तिथे

गेल्या मंगळवारी माझी बायोप्सी झाली. उजव्या स्तनाची. (हा शब्द लिहायलाही दोन मिनिटं गेली. घरात तर तो अजून कुणी उच्चारलेला नाही.) माझी आई फोनवर विचारते, "तिथे दुखतंय का गं?" नवरा विचारतो, "ते कसं आहे आता?" आणि सासूबाई सगळ्यांना "तिचं छोटंसं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगतात. शेजारच्या काकूंना दाताचं वाटलं, त्यांनी मऊ खिचडी आणून दिली. छान होती, खाल्ली!

खरं तर ऑपरेशन नाहीच हे. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत सुई आत घालतात आणि स्टेपलरसारखा खटकन आवाज येतो. असे चार खटके. टाका नाही, नुसती चिकटपट्टी. घरी आल्यावर बर्फाने शेकायचं, रात्रीसुद्धा घट्ट ब्रा घालून झोपायचं, जड उचलायचं नाही. बर्फाच्या पिशवीपेक्षा गोठलेले मटार बरे, हवे तसे वळतात. लेकीने त्या पाकिटावर लिहून ठेवलंय, "आईचे. उसळीला घेऊ नयेत."

काळानिळा डाग आता कडेने पिवळा पडलाय. रिपोर्ट गुरुवारी. सोनोग्राफीत 'बाय-रॅड्स 4' आलं होतं, म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा. यातल्या बऱ्याच गाठी साध्याच निघतात म्हणे. हे वाक्य दिवसा पटतं, रात्री नाही.

काल दुपारी सासूबाई मटार बदलून द्यायला आल्या आणि दार लोटून घेतलं.

"मलाही होती. धाकटा झाला तेव्हा. सुपारीएवढी, हात लावला की सरकायची."

"कुणाला दाखवलीत?"

"कुणाला दाखवणार गं तेव्हा?"

"आणि आता?"

"बघितलंच नाही परत."

चाळीस वर्षं! मी काही बोलले नाही. मग त्यांना टाटा मेमोरियलच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा तो अभ्यास. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित बायका दर दोन वर्षांनी तपासायच्या, यंत्र नाही, नुसत्या हाताने. 2021 साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते.

"नुसत्या हाताने?" त्यांनी दोनदा विचारलं.

गुरुवारी माझ्याबरोबर त्यांचीही वेळ घेतलीय. घरी काय सांगायचं म्हटलं, तर म्हणाल्या, "गुडघा दाखवायला चाललेय म्हणून सांग."