शहाणा कोण, ब्रश की आपण?

मुलांनो, दात घासायच्या ब्रशची किंमत किती असावी? वीस रुपये? चाळीस? फार तर शंभर?

आठवीतल्या माझ्या भाचीला जो ब्रश हवा आहे, तो बारा हजारांचा आहे! दोन दिवाळ्यांची ओवाळणी आणि गणपतीत पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा मिळून तिच्याकडे सात हजार जमलेत. "मामा, वरचे पाच तू घाल ना," असं तिचं म्हणणं. आता पाच हजार म्हणजे काही चिंचोके नव्हेत. म्हणून मी तिच्याकडून आठ दिवस मागून घेतले आणि चौकशीला लागलो. जे कळलं ते तुम्हांलाही सांगतो. आज ना उद्या तुमच्याही घरी हा हट्ट होणारच!

आधी हा ब्रश करतो काय ते पाहू. विजेच्या ब्रशांचे मुख्य प्रकार दोन. एकाचं डोकं गोल असतं आणि ते भराभर उलटसुलट फिरतं. दुसऱ्याचे केस नुसते थरथरतात, पण कसे? तर काही ब्रश मिनिटाला 31,000 हालचाली करतात! बहुतेकांत दोन मिनिटांचं घड्याळ असतं. फार जोर लावला तर काही ब्रश दिवा लावून "हळू" म्हणतात. आणि 'स्मार्ट' म्हणवणारा ब्रश याहून पुढे जाऊन फोनशी बोलतो. कुठला दात राहिला, किती सेकंद घासलं, सगळं फोनवर चित्र काढून दाखवतो.

आमच्या रेवदंड्याच्या घरात पूर्वी असलं काही नव्हतं. कुणी बाभळीची काडी चावायचं, कुणी राखेने दात घासायचं, आणि आजी लावायची मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी ओटीवर बसून बोटाने दातांना लावायची. भाजण्याच्या वासाने आम्ही पोरं खोकत परसात पळायचो. मशेरीने दात दुखायचे थांबतात, अशी तिची पक्की समजूत. खरं म्हणजे तंबाखू हिरड्या खराब करते, तिने तोंडाचा कर्करोग होतो, आणि सवय लागली की सुटता सुटत नाही. साठीच्या आतच आजीच्या तोंडाचं बोळकं झालं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण लक्ष ठेवणार? आजही कोकणात कित्येक घरांतून मशेरीची डबी निघेल. तुमच्या घरात असेल तर बारा हजारांच्या ब्रशची गोष्ट नंतर. आधी त्या डबीचं बघा.

बरं, दात घासतो म्हणजे आपण नेमकं काय करतो? दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर रोज बसतो. आपण गोड खाल्लं की हे जंतू त्यातून आम्ल तयार करतात. आम्लाने दाताचं वरचं कठीण कवच झिजतं आणि दात किडतो. थर तसाच राहिला तर कडक होतो. तेच किटण. एकदा ते बसलं की कुठल्याच ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडे जाऊन काढून घ्यावं लागतं. म्हणजे ब्रशचं काम एवढंच, की थर मऊ आहे तोवर तो रोज मोडायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आली तेव्हा आम्ही एक प्रयोग केला. ती दात घासत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. भरले किती? 38 सेकंद! "दोन मिनिटं तरी झाली असतील," ती म्हणाली. मग अलिबागच्या एका दंतवैद्यांकडून आणलेली लाल गोळी तिला चघळायला दिली. या गोळीने थर राहिलेली जागा रंगते. आरशात पाहते तर खालच्या दातांची आतली बाजू लाल आणि दाढांच्या कडा लालभडक! मग तोच तीस रुपयांचा ब्रश घेऊन तिने घड्याळ लावून दोन मिनिटं घासलं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, छोटे छोटे हात, जोर न करता. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला अर्धं मिनिट. लाल रंग जवळपास सगळा गेला.

"मग विजेचा ब्रश बेकार का?" तिने विचारलं. बेकार मुळीच नाही. कॉक्रेन नावाची एक संस्था जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. तिने 2014 साली अशा 56 चाचण्यांचा निकाल मांडला. साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने पहिल्या तीन महिन्यांत दातांवरचा थर 11 टक्के कमी आढळला आणि त्यानंतर 21 टक्के. हिरड्यांची सूज 6 आणि 11 टक्के कमी. म्हणजे फायदा आहे, हे मान्यच करायला हवं. मात्र त्या चाचण्या 2011 पर्यंतच्या होत्या आणि फोनशी बोलणारे ब्रश बाजारात आले ते 2014 च्या सुमारास. म्हणजे या गुणांत फोनचा वाटा शून्य! थर मोडतं ते फिरणारं डोकं. तसं डोकं तर दीड-दोन हजारांच्या साध्या विजेच्या ब्रशलाही असतं. वरचे दहा हजार जातात ते चित्र बघायला.

शिवाय आपल्या किनाऱ्याचा विचार करा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. चांगला ब्रश एकदा चार्ज केला की दोन आठवडे चालतो, पण पुढे काय? त्याचं डोकं दर तीन महिन्यांनी बदलायचं असतं. ते आमच्या गावातल्या दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं. आतली बॅटरी संपली की बहुतेक ब्रश दुरुस्त होत नाहीत, टाकूनच द्यावे लागतात. टाकलेलं जातं कुठे? पावसाळ्यात भरतीनंतर किनाऱ्यावर एक चक्कर मारा. चपला, बाटल्या आणि जाळ्यांच्या तुकड्यांत दात घासायचे जुने ब्रश हमखास दिसतील. त्यांत बॅटरीवाल्यांची भर नको.

हे सगळं सांगूनही, आमच्या घरात एक विजेचा ब्रश आहे बरं का! तो आहे आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आप्पांचा सगळा जन्म वाडीत गेला. पोफळीवर सरसर चढून सुपारी उतरवणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने ब्रश नीट फिरेना. आई त्यांचे दात घासून द्यायची. आप्पा काही बोलायचे नाहीत, पण त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. पुढे पुढे तर "राहू दे आज" म्हणून टाळायला लागले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेव्हा दंतवैद्यांनी सुचवलं म्हणून साधा विजेचा ब्रश आणला. फोन नाही, काही नाही. जाड मूठ आणि एक बटण. डाव्या हातात धरून एकेका दातावर नुसता टेकवायचा, हलवायचं काम ब्रशचं. पहिल्या दिवशी त्यांनी आईला न्हाणीघराच्या बाहेर उभं केलं आणि आतून कडी लावून घेतली. आई दाराशी घाबरून उभी! बाहेर आले ते तोंड पुसत. म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नकोस."

गंमत पाहा. 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रोक्सोडेंट नावाचा विजेचा ब्रश निघाला, तो मुळात अशाच लोकांसाठी होता. ज्यांचे हात नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत, अशांसाठी. धडधाकट हातांची आठवी-नववीतली मुलं त्याच्या मागे लागली ती पुढे!

तेव्हा भाचीला मी कळवलं ते असं. हात चालत नसेल, दातांना तारा असतील, हिरड्या सारख्या सुजत असतील आणि दंतवैद्यांनी सांगितलं असेल, तर विजेचा ब्रश जरूर घ्यावा, साधा घ्यावा. फोनवाल्यासाठी पाच हजार मी घालणार नाही. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटं, फ्लोराईडची टूथपेस्ट (खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचा), आणि तीन महिन्यांनी किंवा केस वाकले की नवा ब्रश, एवढ्यावर काम भागतं. आई-बाबांनाही एक सांगणं आहे. दात दुखायची वाट न बघता मुलांना दंतवैद्यांकडे दाखवून आणा. पैसे तिथे जास्त कारणी लागतील.

भाची दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मामा, सात हजारांत सायकल येईल का रे?" त्याची चौकशी आता चालू आहे.

आणि तुम्ही? आज रात्री दात घासताना घड्याळ समोर ठेवा. किती सेकंद भरतात ते कुणाला सांगू नका हवं तर, पण स्वतःशी खरं बोला. दोन मिनिटं भरली, तर तुमचा तीस रुपयांचा ब्रश पुरेसा शहाणा आहे.