वर्षाची ध्वनिफीत

दिवाळी जवळ आली की आम्ही बालाघाटहून छोट्या गाडीने गोंदियास जात असू. दिवाळी अंक आणि वर्षातील एक नवी मराठी ध्वनिफीत, एवढीच आमची चैन. १९९८ साली मिलिंद इंगळे यांची ‘गारवा’ आणली. शब्द सौमित्र यांचे. कन्या हिंदी शाळेत शिकत होती. फीत थांबवीत थांबवीत आम्ही तिला गाणी वहीत उतरवून दिली. त्या वहीतच ती मराठी वाचू लागली, ‘ळ’ तिला तेथेच भेटला. पुढे संदीप खरे-सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ची पाने तिने स्वतः लिहिली.

आता नवी गाणी भ्रमणध्वनीवर एकेक करून येतात आणि तशीच विरून जातात. यंदा नातवाने विचारले, “आजोबा, ‘ळ’ कसा काढतात?” आम्ही जुनी वही काढली. तिची काही पाने अजून कोरी आहेत.