नॅशव्हिलचे कुशीलव

संस्कृतांत नटगायकांस ‘कुशीलव’ म्हणतात. वाल्मीकींनीं ज्या दोघां भावांस रामायण गावयास शिकविलें, त्या कुश-लवांशीं या शब्दाचा संबंध जोडण्याची परंपरा आहे. वर्गांत हा शब्द आम्हीं कित्येक वर्षें शिकविला. परंतु दोन भावांचे कंठ एक होणें म्हणजे काय, हें आम्हांस उमगलें तें अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं.

आमचे कनिष्ठ चिरंजीव तेथें नोकरीस असल्यामुळें गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्यांजकडे गेलों होतों. टेनेसी संस्थानची ही राजधानी कंबरलँड नदीच्या कांठीं वसलेली आहे. नदीकडून थोडें वर चढून गेलें कीं लाल विटांचें रायमन सभागृह लागतें. टॉमस रायमन नांवाच्या आगबोटींच्या एका धनिक मालकास एका धर्मोपदेशकाचें प्रवचन ऐकून उपरति झाली, आणि त्याच्या पुढाकारानें हें प्रार्थनामंदिर १८९२ सालीं उभें राहिलें. आंत अद्यापि प्रार्थनामंदिरांतलींच लांकडी बांकें आहेत. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा ‘कंट्री’ नांवाच्या ग्रामीण गाण्याचा प्रसिद्ध जलसा १९४३ पासून १९७४ पर्यंत येथें होत असे व रेडिओवरून दूरदूर ऐकला जाई.

या जलशांत १९५७ सालीं डॉन व फिल एव्हर्ली हे दोघे भाऊ दाखल झाले. थोरला १९३७ सालचा, धाकटा १९३९ सालचा. वडील आइक हे केंटकी प्रांतांतील कोळशाच्या खाणींत राबलेले, पण गिटार वाजविण्यांत निष्णात. पुढें आयोवांतील शेनंडोआ या लहानशा गांवीं आई, बाप व मुलें असें सारें कुटुंबच रेडिओवर गाऊं लागलें. मुलांची गायनशाळा तीच. ‘बाय बाय लव्ह’ हें फेलिस व बूडलो ब्रायंट या पतिपत्नींनीं रचलेलें गाणें इतर गायकांनीं नाकारलें होतें. तें या भावांनीं १९५७ सालीं गाइलें आणि देशभर त्यांचें नांव झालें. त्यांचें ‘कॅथीज क्लाउन’ १९६० सालीं तसेंच गाजलें.

त्यांच्या गाण्यांतील खुबी अशी. आपल्याकडे साथीदार मुख्य गायकाच्या मागोमाग जातो. हे दोघे एकाच क्षणीं, एकाच श्वासांत, पण निरनिराळ्या स्वरांवर गात. डॉन मूळ चाल खालीं धरी आणि फिल वरून जाई; एक षड्जावर असला तर दुसरा बहुधा गांधारावर. शब्दाचा आरंभ आणि शेवट दोघांचा एकच. पुढें जगभर गाजलेल्या बीटल्स मंडळींनींही यांच्यापासून धडा घेतला.

परंतु स्वर जुळले तरी मनें जुळलेलीं राहतातच असें नाहीं. लोकांची आवड पालटली, दोघांनाही उत्तेजक औषधांचें व्यसन जडलें, आणि १४ जुलै १९७३ रोजीं कॅलिफोर्नियांत भर कार्यक्रमांत फिलनें गिटार आपटून फोडली व तो निघून गेला. त्यानंतर सुमारें दहा वर्षें अबोला. मध्यंतरीं भेट झाली ती १९७५ सालीं, वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळीं. अखेर सप्टेंबर १९८३ मध्यें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें ते पुन्हा एकत्र गाइले. फिल २०१४ सालीं वारला. डॉन २०२१ सालीं याच नॅशव्हिलमध्यें.

ऑप्रीचें नवें नाट्यगृह शहराबाहेर आहे. तेंही आम्हीं पाहिलें. १९७४ सालीं तेथें स्थलांतर करितांना रायमनच्या रंगमंचाचा सहा फूट व्यासाचा एक लांकडी गोल तुकडा कापून नव्या रंगमंचाच्या मध्यभागीं बसविला आहे. गायक त्यावर उभा राहून गातो. जुनें घर सोडतांना त्या मंडळींनीं जुनी भुई बरोबर नेली!

हें ऐकून सौभाग्यवतीनें आमच्याकडे पाहिलें. बोलली कांहीं नाहीं. बोलण्याची गरजही नव्हती. वडिलांच्या पश्चात् आम्हीं व आमच्या धाकट्या बंधूंनीं घराची वाटणी केली, ती माजघराच्या मधोमध भिंत घालून. बारा वर्षें भिंतीपलीकडचा खोकला आम्हांस ऐकूं येई, पण ‘कसा आहेस?’ म्हणून आम्हीं विचारलें नाहीं. लहानपणीं याच माजघरांत दिवेलागणीस आम्ही दोघे रामरक्षा एका सुरांत म्हणत असूं.

परत आल्यावर पाडव्याच्या दिवशीं आम्ही पलीकडे गेलों. थोरल्यानें आधीं जावें, एवढें शहाणपण उशिरां कां होईना सुचलें. कोण काय बोललें, तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. भिंत अजून आहे. सायंकाळीं रामरक्षेस मात्र दोघेही एकत्र बसलों. धाकट्याचा स्वर आमच्यापेक्षां अद्यापि वरचाच लागतो.