किर्लोस्करवाडी : दोन वर्षांत सहा नांगर

कुंडलच्या डोंगरावरील झरी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे किर्लोस्करवाडी स्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहतात. गेल्या कार्तिकात आमची गाडी उशिरा होती. सौभाग्यवती बाकावर विसावल्या आणि मी कारखान्याच्या दिशेने चालत गेलो.

पूर्वी हे स्थानक कुंडल रोड या नावाने ओळखले जाई. बेळगावची जागा नगरपालिकेने विस्तारासाठी घेतल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये येथे आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि दहा हजार रुपये दिले, तेही बिनव्याजी! पुढे महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या.

माझे मन मात्र बेळगावच्याच हिशेबात अडकले. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली. कोणतीही पेढी खतावणीत हा व्यवहार तोट्यातच मांडील. परंतु गिऱ्हाईक कशास भिते, हे त्या दोन वर्षांत कळले. त्याची नोंद करावयास आपल्या वह्यांत रकानाच नसतो. १९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तीही प्रथम मालाची माहिती देण्यासाठीच. माल विकण्याइतकेच समजावून सांगणेही त्या घराण्यास आवश्यक वाटले असावे.

याच जिल्ह्यात मी शाखेत असताना एक कारखानदार नव्या मळणी यंत्रासाठी कर्ज मागावयास आला. एक हंगामभर ते शेतकऱ्यांच्या खळ्यांवर विनामोबदला चालवून दोष शोधावयाचे, असा त्याचा बेत होता. त्याची जुनी यंत्रे बरी खपत. मी जुन्या मालावर कर्ज मंजूर केले आणि चाचणीच्या रकमेपुढे ‘अनुत्पादक खर्च’ असा शेरा लिहून ती वगळली. ठेवी लोकांच्या असतात, हे आजही मला मान्य आहे. तथापि जुन्या विक्रीच्या उत्पन्नातून फेडता येईल एवढी रक्कम चाचणीसाठी देता आली असती. तो हिशेब मी मांडलाच नाही. पुढच्या तपासणीस गेलो, तेव्हा ते अर्धवट यंत्र शेडच्या कोपऱ्यात गंजत होते. त्याने मला चहा दिला. यंत्राविषयी दोघेही बोललो नाही.

गाडीची शिट्टी ऐकून मी लगबगीने परतलो. “कुठे होता इतका वेळ?” सौभाग्यवतींनी विचारले. “नांगर पाहत होतो,” मी म्हणालो.