गाडी ओढत का नाही?

बंगळूरच्या टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या रस्त्याला सारे गाव जे. सी. रोड म्हणते. पूर्ण नाव जयचामराजेंद्र रोड. वाटेत रवींद्र कलाक्षेत्र लागते, तिथे नाटकांना गर्दी होते. पण रस्त्याची खरी ओळख गाड्यांच्या सुट्या भागांची. दुकानाला लागून दुकान, आत छतापर्यंत रचलेली खोकी, बाहेर टायर आणि सीटकव्हरे. शेजारच्या कलासिपाळ्याकडे वळले की ऑइलचा वास नाकात भरतो. पाहुण्याला लालबाग दाखवतात, विधानसौध दाखवतात. या रस्त्यावर कोणी मुद्दाम आणत नाही. ज्याच्या घरी वडिलांची जुनी मोटारसायकल आहे, त्याने मात्र इथे एक सकाळ काढायला हरकत नाही.

त्यातही ती गाडी जावा किंवा येझदी असेल तर विशेषच. ज्या महाराजांचे नाव या रस्त्याला आहे, त्यांचा वरदहस्त लाभलेला 'आयडियल जावा' हा कारखाना १९६१ मध्ये म्हैसूरला सुरू झाला. रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर तिथे जावा बनवली; पुढे तिचीच येझदी झाली. हे नाव इराणी घराण्याच्या मूळ गावाचे, इराणमधल्या यझ्दचे. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, पण गाड्या काही बंद पडल्या नाहीत. म्हैसूर इथून दीडशे किलोमीटरच्या आत, त्यामुळे बंगळूरच्या घराघरांत त्या होत्या आणि पुष्कळ अजून आहेत. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी, आंतरराष्ट्रीय जावा दिनाला, त्यांचा मेळा भरतो.

या मेळ्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे जिन्याखाली उभी असलेली गाडी बाहेर काढली जाते. सिलिंडर रीबोअर होतो, पिस्टन नवा येतो, रंग चढतो, क्रोम चमकते. चांगले हजारो रुपये खर्च होतात. गाडी पहिल्या किकला सुरूही होते. घरचे सगळे टाळ्या वाजवतात. आणि पहिल्याच चढावर ती मान टाकते. आवाज भरपूर, वेग नाही. मेस्त्रींच्या भाषेत सांगायचे तर गाडी ओढत नाही.

अशा वेळी मालकाचा हात पहिल्यांदा जातो तो इंजिनाच्या डोक्याकडे. जाणता मेस्त्री मात्र इंजिन बंदच ठेवतो आणि फुकटच्या गोष्टींपासून सुरुवात करतो. दोन-चार किलोमीटर जाऊन गाडी मरगळली तर पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून पाहायचे. 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी पुन्हा पळू लागली तर झाकणाचे बारीक छिद्र बुजलेले असते. आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या टाकीतला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकणे हेही नेहमीचेच. मग प्लग. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, विटकरी असेल तर ठीक. प्लगवरून आठवते, या गाड्यांत सर्रास दिसणारे मायको प्लग बनवणारी कंपनी इथलीच, आडुगोडीची. १९५१ मध्ये स्थापन झालेली 'मायको' २००८ मध्ये 'बॉश' झाली, पण मायको लेआउट हे वस्तीचे नाव राहिले.

पुढचा संशयित सायलेन्सर. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळते आणि त्याची काजळी धुराच्या वाटेत साचते. गाडीला बाहेर श्वास सोडता येत नसेल तर आत नवा कुठून घेणार? इंजिन नवे करणारे पुष्कळ जण सायलेन्सरला वरून क्रोम करतात आणि आतली चाळीस वर्षांची काजळी तशीच ठेवतात!

खरी मेख असते ती ऑइल सीलमध्ये. टू-स्ट्रोकचा पिस्टन वर इंधन जाळतो आणि त्याच वेळी खालच्या बंद कप्प्याचा पंप म्हणून वापर करतो. त्या कप्प्यातून क्रँकचा दांडा दोन्ही बाजूंना बाहेर पडतो. तिथली फट बंद ठेवायची ती रबराच्या सीलने. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे रबर लाकडासारखे कडक होते. रीबोअर करताना काही शे रुपये वाचवायला जुनेच सील परत बसवले जातात, आणि नव्या पिस्टनचा सगळा जोर त्या फटीतून निसटतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल पिऊ लागते: पांढरा धूर, ओला प्लग, घटत जाणारे ऑइल. दुसऱ्या बाजूचे गेले तर जास्त वाईट. तिथून नुसती हवा ओढली जाते, पेट्रोल आणि त्यातले ऑइल कमी पडते, इंजिन तापते आणि भर रस्त्यात पिस्टन जाम होतो. मागचे चाक तिथल्या तिथे अडकते. मागे कोणी बसलेले असेल तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून थांबल्यावर इंजिन आपोआप वाढीव फिरू लागले, तर गाडी तिथेच बंद करून ढकलत नेलेली बरी. मालवणकडच्या मच्छीमारांच्या होडीमागे लावतात त्या टू-स्ट्रोक मोटारींनाही हेच दुखणे जडते. फरक इतकाच, की होडी ढकलत आणता येत नाही.

सगळे तपासून झाले, तरी गाडी मुंबईत होती तशी पळत नाही, अशीही तक्रार असते. तिचे उत्तर कुठल्याच दुकानात मिळत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. जुन्या जावाचे बारा घोडे धरले तर त्यातला एक हवेनेच खाल्ला! साठेक किलोमीटरवरचे नंदी हिल्स १,४७८ मीटरवर. तिथे आणखी अर्धा गळतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल जवळपास पूर्वीच्याच मापाने देत राहतो, म्हणून वर जाताना गाडी घुसमटते. अशा वेळी लहान जेट घातला की तिला मोकळे वाटते.

पण हाच जेट घेऊन शिराडी घाटाने मंगळूरला उतरले की उलटे होते. खाली हवा दाट, पेट्रोल अपुरे, आणि इंजिन तापू लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्याने मिश्रण आणखी हलके होते आणि जुने रबरी भागही लवकर खराब होतात. म्हणून गोव्याला किंवा कोकणात जुन्या गाडीने निघणारा जाणकार बंगळूरकर निघण्याआधी नळ्या बदलतो आणि खिशात मोठा जेट ठेवतो. करंगळीच्या पेराहून लहान असा तो पितळी तुकडा; घाट उतरल्यावर पहिल्या चहाच्या टपरीवर थांबायचे, इंजिन निवेपर्यंत चहा घ्यायचा आणि मग तो बसवायचा.