मान डोलावली म्हणजे कळलं असं नाही

वैतरणेच्या उत्तरेला, पालघर-बोईसरकडच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर ‘डॉक्टरांनी नीट सांगितलं ना?’ असं विचारलं, तर बहुतेक जण ‘हो’च म्हणतील. डॉक्टरांबद्दल आदर, त्यात विचारणारा परका. म्हणून समाधानाचे फॉर्म भरून घेऊन डॉक्टर-रुग्ण संवाद कळणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. खोलीत प्रत्यक्ष काय घडतं तेच पाहायला आणि मोजायला हवं. रुग्णाचं पहिलं वाक्य कुठे तुटलं? डॉक्टरांची नजर केसपेपरवरून किती वेळा वर आली? गोळ्या कशा घ्यायच्या, हे रुग्णाकडून एकदा तरी वदवून घेतलं का? बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा रुग्ण बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर मध्ये पडत असल्याचं दिसलं. त्या डॉक्टरांना नुसतं विचारलं असतं, तर हे कळलं नसतं. सवय ज्याची त्याला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रुग्णांना २००२च्या पाहणीत न अडवता बोलू दिलं, तेव्हा त्यांना सरासरी ९२ सेकंद लागले. आपल्याकडे सगळी तपासणीच जेमतेम दोन मिनिटांची. मग नाडी कधी बघायची? पण वेळ कमी आहे म्हणूनच तो कुठे जातो हे पाहायला हवं. ‘अजून काही नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं, आणि खरं दुखणं दाराशी पोचल्यावर बाहेर पडतं. अमेरिकेत हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की प्रश्नाची नुसती धाटणी बदलली तरी न सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी खूप कमी होतात आणि भेटही लांबत नाही.

मात्र तिकडचे निरीक्षणाचे तक्ते इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. वारली, मांगेली, गुजराती आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली हिंदी, भोजपुरी हे सगळं एकाच रांगेत असतं, आणि बोलतं बरेचदा तिसरंच माणूस: सून, नाहीतर आशाताई. ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा असेल तर कामगार खोकला कधीपासून आहे ते सांगेल. कुठल्या टाकीपाशी काम करतो ते सांगणार नाही. तक्त्यात ‘रुग्ण गप्प’ एवढंच लिहिलं आणि शेजारी कोण होतं ते लिहिलं नाही, तर ती नोंद दिशाभूल करते.

कोणी पाहत असेल तर डॉक्टर शहाण्यासारखे वागतात, हेही म्हटलं जातं. वागू देत. पाहणाऱ्यासमोरही जे सुटत नाही, त्यावरच आधी काम करावं. मला जास्त काळजी संमतीची वाटते. पांढऱ्या कोटातल्या माणसानं कागद पुढे केला की इथे बहुतेक जण अंगठा देतील, म्हणजे जे मान डोलावणं तपासायचं त्याच्यावरच अभ्यास उभा राहील. त्यामुळे विचारणं आशाताईंनी करावं, रुग्णाच्या बोलीत, आत जाण्याआधी; आणि नको म्हणणाऱ्याचा रांगेतला नंबर हलता कामा नये.