काझीच्या गावची युफेमिया

मागच्या सप्टेंबरात मुलाकडे इटलीतल्या त्रिएस्तला गेले होते. डॉ. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली तिथे भौतिकशास्त्राचं जे केंद्र उभं केलं, तिथे तो दोन वर्षांसाठी संशोधन करतोय. एका शनिवारी म्हणाला, "अम्मी, उद्यापासून मला वेळ नाही. आज चल, समुद्रात घुसलेलं एक गाव दाखवतो. आपल्या कोकणासारखं वाटेल तुला." बसमध्ये बसलो, स्लोव्हेनियाचा छोटासा तुकडा ओलांडला आणि क्रोएशियातल्या रोविन्य या गावी उतरलो.

कोकणासारखं म्हणजे काय, ते बंदरावर कळलं. होड्या, वाळत घातलेली जाळी, मासळीचा वास आणि बाकावर बसून गप्पा छाटणारे म्हातारे. मूळ गाव म्हणजे एक टेकडीच. १७६३ सालापर्यंत हे बेट होतं, मग मधला पाण्याचा पट्टा बुजवून ते जमिनीला जोडलं. १२८३ पासून १७९७ पर्यंत इथे व्हेनिसचं राज्य होतं. अजूनही गल्लीबोळांच्या पाट्या क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन भाषांत आहेत. आणि टेकडीच्या माथ्यावर, गावातल्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसेल असं, गावाच्या संत युफेमियाचं चर्च.

जुन्या गावात शिरताना बाल्बीची कमान लागते. सतराव्या शतकातली आहे. मुलाने मान वर करायला सांगितली. बाहेरच्या बाजूला दगडात कोरलेलं एका तुर्काचं डोकं होतं. आतल्या बाजूला व्हेनिसच्या माणसाचं. व्हेनिस आणि उस्मानी तुर्कांची पिढ्यान्‌पिढ्या युद्धं चालली, त्या काळातली ही कमान. आतला तो आपला आणि बाहेरचा तो परका. मुलगा हसून म्हणाला, "हा बाहेरचा आपल्यातला." मीही हसले, पण डोक्यावरचा दुपट्टा नकळत सारखा केला. परक्या गावात आपल्याकडे कोण कसं बघेल याचा हिशोब आपल्या मनात सतत चालू असतो. हे वाचणाऱ्या बहिणींना तो वेगळा समजावून सांगायला नको.

कमानीपासून ग्रिझिया नावाची गल्ली वर चढते. शेकडो वर्षांच्या पावलांनी तिचे दगड इतके गुळगुळीत झालेत की चप्पल घसरते. दोन्हीकडे चित्रकारांची दुकानं. गुडघ्यांना सांभाळत, दर वीस पावलांवर चित्र बघायच्या निमित्ताने थांबत मी वर पोचले. वर एकदम उघडं मैदान, झाडं आणि तिन्ही बाजूंना समुद्र.

आजचं चर्च १७२५ ते १७३६ या काळात बांधलेलं आहे. त्याचा मनोरा त्याहूनही जुना, १६५४ ते १६८० या काळातला, व्हेनिसच्या संत मार्कच्या मनोऱ्यासारखा आणि सुमारे ६० मीटर उंच. मनोऱ्याच्या टोकावर युफेमियाचा तांब्याचा पुतळा आहे. आधीचा लाकडी पुतळा वीज पडून गेला, म्हणून १७५८ साली हा बसवला. पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. दर्यावर जाणारी माणसं तो कुठे तोंड करून उभा आहे ते बघून हवेचा अंदाज घेत आली आहेत. मुलगा मनोऱ्याच्या लाकडी जिन्याने वर गेला. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मी ते धाडस केलं नाही. मी आत गेले.

आता या युफेमियाची गोष्ट सांगते. ती या गावची नाही, या देशाचीही नाही. ती खाल्सेदॉन नावाच्या शहरातली मुलगी. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, रोमन सम्राट डायोक्लेशियन ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता, तेव्हा देवतेपुढे बळी द्यायला ती नाही म्हणाली. परंपरा सांगते, तिला चाकावर यातना दिल्या, मग सिंहांपुढे टाकलं. पुढे तिच्या कबरीवर मोठं चर्च झालं. ४५१ साली ख्रिस्ती धर्मगुरूंची प्रसिद्ध परिषद त्याच चर्चमध्ये भरली.

हे खाल्सेदॉन कुठे आहे? इस्तंबूलमध्ये, बॉस्फोरसच्या आशियाई बाजूला. आजचं त्याचं नाव कादिकॉय. 'कादी' म्हणजे आपला काझी आणि 'कॉय' म्हणजे गाव. काझीचं गाव! कमानीवर ज्याचं डोकं परका म्हणून कोरलं, त्याच्याच शहरातून या गावाची संत आली. अर्थात तिच्या काळी तिथे तुर्क नव्हते आणि इस्लामही यायचा होता. पण जमीन तीच.

मग ती इथे कशी आली? आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये धार्मिक चित्रं आणि संतांचे अवशेष पूजावेत की नाही, यावरून मोठा वाद पेटला होता. रोविन्यचे लोक सांगतात, ८०० साली तिची संगमरवरी शवपेटी तिथून नाहीशी झाली आणि एका वादळी रात्रीनंतर या किनाऱ्याला लागली. गावातल्या मोठ्या लोकांनी घोडे आणले, बैल जुंपले. पेटी हलेना. शेवटी एक लहान मुलगा आपली दोन वासरं घेऊन आला. त्या वासरांनी ती पेटी टेकडीवर ओढून नेली.

ही गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कारण मी ती लहानपणापासून ऐकत आलेय. मुंबईच्या हाजी अलींची कथा तुम्हालाही माहीत असेल. हजला जाताना वाटेत त्यांचं निधन झालं, त्यांच्या इच्छेप्रमाणे पेटी समुद्रात सोडली आणि ती वरळीच्या खडकांना येऊन लागली. आमच्या खाडीकाठच्या गावातल्या पीरबाबांबद्दलही अम्मी हेच सांगायची. बाबा पाण्यातून आले आणि कोळ्यांना सापडले. समुद्रावर पोट असलेल्या माणसांना आपला संत समुद्रानेच दिलेला हवा असतो, असं मला वाटतं. इतिहास म्हणून या गोष्टी टिकणार नाहीत. युफेमियाचे अवशेष आपल्याकडेच आहेत, असं इस्तंबूलच्या फेनेर भागातलं ग्रीक चर्चही सांगतं. पण गोष्ट कोण सांगतं आणि तीत कोणाला जागा देतं, हे महत्त्वाचं आहे. इथे जागा मिळाली ती वासरांना आणि एका पोराला.

आत थंडावा होता. मुख्य वेदीच्या मागे उजव्या बाजूला ती पेटी आहे. मोठी, जाड, साध्या दगडाची. बाजूच्या भिंतीवर मोठी चित्रं, एकात सिंह, दुसऱ्यात पेटी ओढणारी वासरं. कट्ट्यावर एक वयस्कर बाई बसली होती. तिने माझ्या दुपट्ट्याकडे पाहिलं. मी थबकले. ती थोडी सरकली आणि हाताने जागा दाखवली. बस, एवढंच. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नाही. मी पेटीपर्यंत गेले, दगडावर हात ठेवला. कोणी विचारलं नाही, तू कोण, बाई की पुरुष, इथवर कशी आलीस.

आणि मला अम्मी आठवली.

आमच्या गावचा दर्गाही टेकडीवरच आहे, चढायला एकशे चाळीस पायऱ्या. अम्मी दर गुरुवारी वर जायची. झाडलोट करायची, मजारीवरची सुकलेली फुलं काढायची, उरुसाला मलिदा करायची. आजीही तेच करायची. मग एके वर्षी आत जायच्या दारावर पाटी लागली, 'महिलांना आत प्रवेश नाही.' नवी कमिटी होती. काहींनी शरियतचं कारण दिलं, काहींनी गर्दीचं. अम्मी भांडली नाही. बाहेरच्या ओट्यावर बसून जाळीतून फातिहा पढली आणि खाली आली. नंतर गुडघ्यांचं निमित्त सांगून जाणं बंद केलं. तिचे गुडघे त्या वर्षी ठीक होते, हे मला माहीत आहे. चार वर्षांनी ती गेली.

खरं सांगायचं तर तेव्हा मीही गप्प राहिले. दर्ग्यावर जावं की नाही, यावर मी भाऊजानशी तासन्‌तास वाद घातलाय. तो म्हणतो हे सगळं शिर्क आहे. मी स्वतः नवस बोलत नाही, मागायचं ते अल्लाहकडेच मागते. म्हणून त्या पाटीकडे मी 'बरं झालं, अंधश्रद्धा कमी होईल' अशा नजरेने पाहिलं. पण पाटीने अंधश्रद्धा कमी केली नाही. पुरुष आत जात राहिले. चादरी चढत राहिल्या. कमी झाली ती फक्त झाडू मारणारी बाई.

हाजी अलींच्या दर्ग्यात हीच बंदी आली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनेच्या समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांविरुद्ध ठरवली. त्याच वर्षाच्या अखेरीस बायका पुन्हा मजारीपर्यंत गेल्या. मी ती बातमी वाचून टाळ्या वाजवल्या आणि आपल्या गावच्या पाटीचं नावही काढलं नाही.

त्या दगडावर हात ठेवून मी अम्मीसाठी फातिहा पढले. चर्चमध्ये फातिहा पढावी का, असं कोणी विचारेल. मी अल्लाहकडेच मागितलं, अम्मीसाठी मागितलं. जागा तेवढी युफेमियाने दिली.

रात्री खालाला फोनवर सगळं सांगितलं. मुलीचं धाडस, सिंह, समुद्र, वासरं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तीही पाण्यातूनच आली. आणि बाई होती म्हणतेस?" मी हो म्हटलं. "मग तिच्या मजारीवर बायांना जाऊ देतात?" मी पुन्हा हो म्हटलं. बराच वेळ फोनवर काही आवाज नव्हता. मग म्हणाली, "तुझ्या अम्मीला सांगायला हवं होतं."

गावी परतल्यावर खालाला घेऊन टेकडी चढले. पाटी अजून तिथेच आहे, रंग उडालाय. आम्ही ओट्यावर बसलो. खालाने जाळीतून आत बघितलं आणि म्हणाली, "कोपऱ्यात जाळं लागलंय. कोणी झाडत नाही नीट."

कमिटीला द्यायचा अर्ज मी लिहिलाय, साध्या मराठीत, एक पान. न्यायालयाचा निकाल सोबत जोडलाय. खालाने पहिली सही केली. आतापर्यंत अकरा बायकांच्या सह्या झाल्यात, त्यातल्या दोघी कोळणी. भाऊजानने सही केली नाही, पण अर्जाच्या प्रती काढून आणल्या. उरुसाआधी तो कमिटीसमोर ठेवायचाय. काय उत्तर येतं, ते इथेच लिहीन.